शनीचे न मोजलेले तास

आमच्या कॉलेजनं शनी ग्रहावरचे एकशे सात तास घरी बसून तयार केले आणि छापून आणले. हे वाक्य मी माझ्या निवृत्तीच्या समारंभात बोलणार होते. मी उभी राहिले आणि माइक बंद झाला. माइकवाला माझा जुना विद्यार्थी. त्यानं मान खाली घातली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

या अंकाच्या संपादकांनी अध्यापनातल्या काही गोड आठवणी लिहा म्हणून कळवलं. गोड आठवणी माझ्याकडे आहेत. पण लिहायला बसले की त्या बाजूला सरतात आणि हे एकशे सात तास पुढे येतात. तेव्हा आधी हेच लिहिते. वाचकांना कडू लागलं तर माझा इलाज नाही.

मी मूळची तलवाड्याची. वडील टपाल खात्यात होते. माजलगाव भागातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. शिकवण्याखेरीज मी जे काम केलं ते शनीवरचं. लोकांना वाटायचं की मी गच्चीवर दुर्बीण लावून बसते. शनीवर मी कधीच दुर्बीण रोखली नाही. माझ्यासमोर फक्त आकड्यांचे रकाने असायचे.

काम काय होतं ते सोपं करून सांगते. शनीभोवती त्याच्या चुंबकीय क्षेत्राचं एक अवाढव्य आवरण आहे. त्यात इलेक्ट्रॉन अडकलेले असतात, त्यांतले काही भयंकर वेगानं फिरतात. परदेशी शास्त्रज्ञांनी पाठवलेलं एक यान तेरा वर्षं शनीभोवती फिरलं. त्याच्यावरचं एक यंत्र सेकंदाला किती इलेक्ट्रॉन येऊन आदळले ते मोजायचं. ही मोजणी सगळ्या जगाला खुली आहे. लाइट असेल आणि इंटरनेट चालू असेल तर माजलगावात बसूनही कुणी ती उतरवून घेऊ शकतं. तिच्यात पाहिलं तर आकडे चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. साधारण पावणेअकरा तासांनी एक फेरा पुरा होतो. आमच्याकडे आवर्तन म्हटलं की धरणातून कालव्याला सुटणारं पाणी. हेही आवर्तनच. फरक इतकाच की कालव्याचं आवर्तन कुणाच्या फोनवरून लांबतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. शनीचं का लांबतं ते अजून कुणाला छातीठोक सांगता आलेलं नाही.

आणि ते लांबतं हे नक्की. काही वर्षांत काही मिनिटांनी पुढेमागे होतं, उत्तरेचं एक आणि दक्षिणेचं दुसरं असतं. खरं तर असं काही दिसायलाच नको. शनीचा चुंबक त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत सरळ उभा आहे. भोवरा अगदी सरळ फिरत असला तर लांबून तो फिरतोय की थांबलाय तेही कळत नाही. मग हे चढउतार येतात कुठून? या प्रश्नावर मोठमोठी माणसं काम करतात. मी त्यातल्या काही मिनिटांच्या फरकाचा एक छोटा तुकडा धरला होता. मला तेवढं पुरेसं होतं.

या कामात पहिला धडा रिकाम्या जागेचा. यानाला मधूनमधून पृथ्वीकडे तोंड करावं लागतं, कधी यंत्र बंद असतं, कधी माहिती पोचत नाही. तेवढ्या वेळाची मोजणी नसते. तो रकाना रिकामा ठेवायचा. तिथं काय असेल याचा अंदाज करता येतो, पण तो मोजणी म्हणून लिहिता येत नाही.

हे माझ्याइतकंच पक्कं समजलेला आमच्या कॉलेजातला दुसरा माणूस म्हणजे रज्जाकभाई. ते प्रयोगशाळेत सेवक होते, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बॅटऱ्यांत पाणी घालणं, लाइट गेली की धावत येऊन संगणक नीट बंद करणं, हे त्यांचं काम. मी आलेखाच्या लांब पट्ट्या छापून भिंतीला लावायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, हितं रेघ कावून तुटली?"

मी म्हटलं, "तिथं मोजलंच नाही."

त्या दिवसापासून प्रत्येक पट्टीवरच्या तुटलेल्या जागी लाल पेन्सिलनं दोन उभ्या रेघा मारायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. एकही जागा सुटायची नाही. एम.एस्सी.ची मुलं चुकायची, ते चुकायचे नाहीत.

मग एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर माझ्याबद्दल चार ओळी आल्या, आणि माझ्या खोलीपुढे लोक यायला लागले. शनीचा अभ्यास करणाऱ्या बाई म्हटल्यावर साडेसातीवर तोडगा देत असतील अशी त्यांची समजूत. एक बाई गाडी करून आल्या, मोठ्या घरच्या. मुलीची पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाल्या, "लगीन ठरंना. शनी आडवा हाय म्हंतेत. तुमी बघा."

मी म्हटलं, "मी पत्रिका बघत नाही. शनीवरचे इलेक्ट्रॉन मोजते."

त्यांनी माझ्या टेबलामागची बाबासाहेबांची तसबीर पाहिली, पत्रिका उचलली आणि म्हणाल्या, "हां. तुमच्यात न्हाईच मानत. मग तुमाला काय कळणार शनीतलं."

रागावण्यासारखं पुष्कळ होतं त्यात. पण शनीतलं कळायला शनी मानावा लागतो, या वाक्याचा राग मला अजून येतो.

त्या चार ओळी संस्थेच्या सचिवांनीही वाचल्या. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. जमीनदार, दोन सोसायट्यांचे चेअरमन, आणि बोलायला अत्यंत गोड. त्यांनी बोलावून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, तुमी लई मोठं काम करायलाव. आपल्या संस्थेचं नाव झालं."

मी आभार मानले.

"आता एक करा. आमच्या हर्षदला यात घ्या. तुमच्याच डिपार्टमेंटला हाय. त्याचा एखादा पेपर झाला तर पुढं बरं पडंल."

हर्षद सर म्हणजे भाऊसाहेबांचे जावई. प्राचार्यपदासाठी त्यांना पेपर हवे होते. शनीच्या आकड्यांकडे त्यांनी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांनी काम केलं तर नाव येईलच."

भाऊसाहेब हसले. "ती तुमची संगणकाची खोली परीक्षा विभागाला द्यायचं चाललंय. मी आडवून धरलंय. तुमचं काम थांबाया नको."

मी दोन दिवस विचार केला. खोली गेली असती तर काम संपलं असतं. दुसरीकडे संगणक ठेवायला जागा नव्हती. माझा पहिला पेपर लिहून तयार होता. मी त्यावर हर्षद सरांचं नाव घातलं. नियतकालिकाच्या अर्जात प्रत्येक लेखकानं काय केलं ते लिहावं लागतं. त्यांच्या नावापुढे मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मोजणीच्या विश्लेषणात सहभाग', आणि खाली सही केली.

हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी घरीही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "दोघांचं नाव कसं?" मी म्हटलं, "मदत केली त्यांनी."

पेपर छापून आला. हर्षद सरांचा सत्कार झाला, माझाही झाला. खोली राहिली. मग सहलेखक या नात्यानं त्यांनी माझी सगळी मोजणी मागितली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी पेन ड्राइव्हवर भरून दिली.

पुढच्या वर्षी त्यांचा एकट्याचा पेपर आला. स्टाफरूममध्ये पेढे ठेवले होते. मी पेढा घेतला नाही, पेपर घेतला. वाचायला लागले आणि तिसऱ्या पानावरच्या आलेखावर थांबले. रेघ अखंड होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठंही तुटलेली नव्हती.

मी खोलीत गेले आणि भिंतीवरची तीच पट्टी पाहिली. तिच्यावर रज्जाकभाईंच्या लाल रेघांमध्ये साडेचार दिवसांची मोकळी जागा होती. पेपरसोबत आकड्यांची फाइल जोडलेली होती. ती उघडली. त्या साडेचार दिवसांत आकडे होते. ते कुठून आले हे शोधायला मला अर्धा तास पुरला. आधीच्या दिवसांतला एकशे सात तासांचा तुकडा उचलून मोकळ्या जागेत जसाच्या तसा बसवला होता. शेवटच्या अंकापर्यंत सारखा. एकशे सात तास म्हणजे शनीचे बरोबर दहा फेरे, त्यामुळे चढउतार कुठंही अडखळत नव्हते. तेवढी अक्कल मात्र चालवली होती.

पण यान कुठं होतं ते पाहायची तसदी घेतली नव्हती. ते तर शेजारच्याच रकान्यात लिहिलेलं असतं. त्या साडेचार दिवसांत काही तास यान शनीच्या मुख्य कड्यांवरून गेलं होतं. तिथं असे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच, कडी त्यांना गिळून टाकतात. आणि हर्षद सरांच्या आलेखात नेमक्या तिथं ते भरभरून वाहत होते.

मी त्यांना खोलीत बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून बसले. वागायला वाईट नव्हते, मला कायम मॅडम म्हणायचे. मी दोन रकाने शेजारीशेजारी दाखवले.

"हे आकडे कुठून आले, सर?"

"तो गॅप वाईट दिसत होता, मॅडम. भरून घेतला."

"कशानं भरला?"

"आवर्तनच आहे ना? मागं जे झालं तेच पुढं होणार. तुमचाच तर सिद्धान्त."

"माझा सिद्धान्त असा आहे की ते तसंच होत नाही. दर फेऱ्याला थोडं हलतं. तेच तर मोजतेय मी इतकी वर्षं."

ते म्हणाले, "कोण बघतंय, मॅडम? शनीवर जाऊन कोण तपासणारे?"

मला वाटतं त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही. त्यांनी माझं काम चोरलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं, तशी सवय आम्हाला लागलेली असते. पण हा माणूस एका ग्रहाच्या नावानं खोटं बोलला होता, आणि त्यात त्याला गैर काहीच वाटत नव्हतं.

मी संस्थेकडे लेखी तक्रार केली. महिना गेला, दोन गेले. शेवटी तीन जणांची चौकशी समिती बसली. अध्यक्ष मराठीचे निवृत्त प्राध्यापक, दुसरे एक वकील, तिसरे संस्थेचे संचालक. विज्ञानाचं कुणीच नव्हतं. मी तासभर समजावलं. आलेख दाखवले, आकडे दाखवले, कडी म्हणजे काय ते फळ्यावर काढलं. अध्यक्ष सज्जन होते. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला एवढंच सांगा, की मधली जागा भरली तर नुकसान काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आधी रज्जाकभाई बोलले. त्यांना साक्षीला बोलावलं होतं ते फक्त पेन ड्राइव्ह माझ्याच खोलीतून गेला हे सांगायला. ते दाराशी उभे होते.

"साहेब, बोलू का?"

"बोला."

"मी दोन दिवस रजेवर गेलो. मस्टरवर माझी सही न्हाई. आता माझी मागची सही हाय तशी उचलून त्या दोन दिवसांच्या रकान्यात चिकटवली, तर तुमी मला हजर धरताल का?"

संचालक म्हणाले, "ते वेगळं."

"वेगळं कसं, साहेब? सही माझीच हाय. खोटी न्हाई. पर मी नव्हतो ना तवा हितं."

वकील हसले. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी तासभर जे सांगू शकले नव्हते ते त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग वकिलांनी फाइलमधून एक कागद काढला. माझ्या पहिल्या पेपरच्या अर्जाची प्रत. "ही सही तुमची?"

"हो."

"इथं तुम्ही लिहिलंय की हर्षद सरांनी विश्लेषणात भाग घेतला. मग त्यांना हे काम येतं असं तुम्हीच प्रमाणित केलंय. का हे लिहिलेलं खोटं आहे?"

खोटं आहे, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. दाराशी रज्जाकभाई माझ्याकडे पाहत होते. त्यांना खरं काय ते माहीत होतं, पहिल्या पेपरच्या वेळी हर्षद सर एकदाही त्या खोलीत आले नव्हते. मी म्हटलं, "थोडी मदत केली होती त्यांनी."

समितीनं निकाल दिला की दोन सहकाऱ्यांमधला पद्धतीविषयीचा मतभेद आहे, यात गैरप्रकार आढळत नाही. पुढच्या जूनमध्ये हर्षद सर प्राचार्य झाले. त्याच महिन्यात रज्जाकभाईंची बदली झाली, कडा गावाच्या बाजूला संस्थेची एक शाळा होती तिथं. माजलगावहून एसटीनं अर्धा दिवस जातो. त्यांच्या बायकोला संधिवात, घर सोडता येण्यासारखं नव्हतं. ते तिकडे एकटे खोली घेऊन राहिले आणि शनिवारी यायचे. ज्या दिवशी ऑर्डर आली त्या दिवशी मी भाऊसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "प्रशासकीय बदली हाय, मॅडम. त्यात तुमी कशाला पडताव?" आणि चहा मागवला. मी चहा न घेता निघाले. माझं शौर्य तेवढंच.

पुढची वर्षं मी नोकरी केली. हर्षद सरांच्या पेपरविरुद्ध त्या नियतकालिकाला पाच पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर कळलं की ते उत्तर देणाऱ्यांतलं नियतकालिकच नव्हतं, येईल ते छापायचं. कॉलेजच्या मूल्यांकनाच्या अहवालात तो पेपर संस्थेचं ठळक संशोधन म्हणून गेला. वर्गात मुलं विचारायची, "मॅडम, प्राचार्यांनी पण शनीवरच केलंय ना?" मी फळ्याकडे वळून गणित पुढे चालू ठेवायचे.

निवृत्तीनंतर, त्या बंद माइकच्या समारंभानंतर, मी एसटीनं कड्याला गेले. रज्जाकभाईंना निवृत्त व्हायला अजून वेळ होता. शाळेच्या व्हरांड्यात ते नळाच्या तोट्या बदलत होते. केस पांढरे झाले होते. हात पुसून त्यांनी मला खुर्ची दिली, समोरच्या टपरीवरून चहा आणला. मी रस्ताभर ठरवून आलेलं सगळं बोलले. भाऊसाहेब, प्राचार्य, समिती, माइक, सगळ्यांचा उद्धार केला.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "मॅडम, त्यांचं सोडा. ते तसलेच. मला एकच इचारायचं होतं, इतक्या वर्षांत जमलं न्हाई."

"विचारा."

"त्या दिवशी वकिलानं इचारलं तवा तुमी मदत केली असं कावून म्हनलात?"

माझ्याकडे खोलीचं कारण होतं. संगणकाचं होतं, कामाचं होतं. मी काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "मी बोललो तवा मला वाटलं मॅडम मागं हायत." आवाज चढला नव्हता. त्यांनी कप उचलले आणि विसळायला घेऊन गेले.

मी त्या आठवड्यात माझ्या पहिल्या पेपरच्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. ते मात्र खरं नियतकालिक. लिहिलं की दुसऱ्या लेखकाचं या कामात काहीही योगदान नव्हतं, तसं निवेदन मी जाणूनबुजून खोटं दिलं होतं, आणि त्याच सहीच्या आधारानं पुढे माझी मोजणी बनावट आकड्यांसाठी वापरली गेली. चार महिने त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं चालली. हर्षद सरांनाही विचारणा झाली. त्यांनी वकिलाकडून नोटीस पाठवली. मी ती वाचून ठेवून दिली. नवरा म्हणाला, "आता या वयात कशाला?" मी त्यांना पहिल्या पेपरची खरी हकीकत सांगितली. ते त्या दिवशी माझ्याशी जेवताना बोलले नाहीत.

शेवटी दुरुस्ती छापून आली. हर्षद सरांचं नाव निघालं. खाली इंग्रजीत एक परिच्छेद आहे, त्याचा अर्थ असा की मुख्य लेखिकेनं सहलेखकाच्या योगदानाविषयी खोटं निवेदन दिलं होतं आणि ते तिनं मान्य केलं आहे. आता जगात कुठंही कुणी माझा तो पेपर उघडला की आधी हा परिच्छेद दिसतो, मग शनी. ज्या विद्यापीठात मी निवृत्तीनंतर मार्गदर्शक म्हणून जाणार होते त्यांनी कळवलं की तूर्त गरज नाही. हर्षद सर प्राचार्य आहेत. एकशे सात तास कॉलेजच्या अहवालात अजून आहेत.

दुरुस्तीची एक प्रत मी रज्जाकभाईंना पाठवली, सोबत मराठीत तर्जुमा करून. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी तो परिच्छेद शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून पुन्हा वाचून घेतला होता.

"तुमी लिवलं तसंच हाय, मॅडम," ते म्हणाले. "तपासलं मी."